पाच भाषांचे रंगपीठ आणि एकाची मुद्रा : तंजावरची नाट्यपरंपरा, बोलपट आणि निर्मितीतील सहभागाचा प्रश्न

तंजावरच्या मराठी नाटकांचा विषय निघाला की मराठी नाट्येतिहासात पहिला वाद कालाचा होतो. विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग सांगलीस १८४३ साली झाला. त्याच्या सुमारे दीड शतक आधी तंजावरच्या भोसले दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती. तेव्हा पहिले मराठी नाटक कोणते, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. परंतु या अग्रमानाच्या चर्चेत तंजावरच्या रंगभूमीचा एक महत्त्वाचा विशेष बाजूला राहिला. ही रंगभूमी बहुभाषिक होती, आणि एका दृष्टीने बहुजातीयही होती. आज चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या निर्मितीत समाजाच्या सर्व घटकांना स्थान मिळावे, असा विचार जगभर मांडला जात आहे. अशा वेळी तंजावरचा पुरावा नव्याने वाचण्याजोगा आहे.

हा पुरावा वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कलाकृतीत कोण दिसते, कोणाची भाषा ऐकू येते, ही एक गोष्ट. ती कलाकृती कोण घडवते, तिच्यावर नाव कोणाचे लागते, मोबदल्याचा आणि श्रेयाचा निर्णय कोणाच्या हाती असतो, ही दुसरी. पहिलीस आपण दृश्य समावेश म्हणू, दुसरीस निर्मितीतील समावेश. या दोहोंत किती अंतर पडू शकते, ते तंजावर आणि त्याच्या आसपासच्या कावेरीखोऱ्याच्या तीन शतकांच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

१. दरबाराची बहुभाषिकता

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावरची गादी मिळवली. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी झाली. राज्य मराठ्यांचे, प्रजा मुख्यत्वे तमिळ, आधीच्या नायक राजांपासून चालत आलेली दरबारी वाङ्मयाची भाषा तेलुगू, शास्त्रचर्चेची भाषा संस्कृत. अशा चौफुलीवर हा दरबार उभा होता. शहाजीराजांच्या नावावर तेलुगू यक्षगाने आहेत, 'लक्ष्मीनारायण कल्याण' यासारखे मराठी नाटक आहे, 'राधाबंसीधर विलास' आणि 'विश्वातीत विलास' ही हिंदी नाटके आहेत. 'पंचभाषाविलास' या नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकत्र आल्या आहेत. निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या कृष्णाच्या अनुरागाने येतात आणि आपापल्या भाषेत बोलतात, अशी त्याची कल्पना आहे.

ही योजना केवळ भाषाचमत्कृतीची नाही. ज्या राज्यात राजाची मातृभाषा ही अल्पसंख्याकांची भाषा आहे, तेथे सर्व भाषांना रंगपीठावर जागा देणे ही राजनीतीही असते. संस्कृत नाटकातही अनेक भाषा असतात. परंतु तेथे राजा संस्कृतात आणि स्त्रिया व सेवक प्राकृतांत बोलतात, म्हणजे भाषेवरून पात्राची पायरी ठरते. 'पंचभाषाविलासा'त भाषेवरून पात्राचा देश ठरतो. उतरंडीऐवजी शेजार, असा हा बदल आहे. भारतीय नाट्यवाङ्मयाच्या तौलनिक अभ्यासात त्याची नोंद व्हावयास हवी.

मात्र या पाचही भाषांच्या शेवटी मुद्रा एकच आहे, ती राजाची. राजांच्या नावावरील कृतींत आश्रित पंडितांचा हात किती, अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे. याच शहाजीराजांनी १६९३ साली तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पंडितांना भूमी मिळाली आणि नावेही राहिली. परंतु ज्यांनी ही नाटके गाऊन, नाचून, बोलून उभी केली, त्या कलावंतिणी, नट्टुवनार आणि वादक यांची नावे संहितेच्या आरंभी वा अखेरीस येत नाहीत. ती शोधायची तर वाङ्मय सोडून दफ्तराकडे वळावे लागते. तंजावर दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आले आणि तमिळ विद्यापीठाने त्यांतील बऱ्याच कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. त्यांत नृत्यांगनांना आणि गवयांना दिलेल्या पगाराच्या, इनामाच्या, वस्त्रांच्या नोंदी आढळतात. कलावंत इतिहासातून अगदीच पुसले गेले असे म्हणता येत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहेत, ग्रंथाच्या पुष्पिकेत नाहीत.

२. कुरत्ती : रंगपीठावरची आणि रस्त्यावरची

दृश्य समावेशाचे दुसरे उदाहरण कुरवंजीचे. तमिळ प्रदेशातील या नाट्यप्रकारात नायिका विरहाने व्याकुळ होते, आणि डोंगराळ भागातून आलेली कुरत्ती, म्हणजे कुरवर जमातीची भविष्य सांगणारी स्त्री, तिचा हात पाहून मीलनाचे भाकीत करते. कुरत्ती आपल्या डोंगराचे, नद्यांचे, भटकंतीचे वर्णन करते. या नाट्यप्रकारातील सर्वांत जिवंत पात्र तीच आहे. नायिका बहुधा उसासे टाकते, बोलते ती कुरत्ती.

दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावर असलेली मराठी 'देवेंद्र कुरवंजी' या परंपरेला वेगळेच वळण देते. येथे कुरत्ती जगाचा भूगोल सांगते. खंड, देश आणि नगरे यांची माहिती तिच्या मुखातून येते. पाश्चात्त्य विद्येत रस असलेल्या, नव्या शाळा काढणाऱ्या राजाने आधुनिक ज्ञान शिकवण्यासाठी भटक्या जमातीच्या स्त्रीची योजना करावी, यात विलक्षण औचित्य आहे, कारण जग पाहिलेली व्यक्ती म्हणून परंपरेने तिलाच मान्यता दिली होती. याच राजाच्या गौरवार्थ कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली, आणि तिचा प्रयोग बृहदीश्वर मंदिरात देवदासी करीत असत. म्हणजे कुरत्तीचे रूप देवदासीने घ्यावयाचे आणि स्तुती राजाची करावयाची, अशी ही व्यवस्था होती. खऱ्या कुरवर स्त्रीला या प्रयोगात स्थान नव्हते.

पुढील इतिहास या विसंगतीला अधिक तीव्र करतो. १९११ च्या सुधारित गुन्हेगार जमाती कायद्यानंतर मद्रास इलाख्यात कुरवर (सरकारी दफ्तरात 'कोरव') समूहांना 'गुन्हेगार जमात' म्हणून नोंदवण्यात आले. हजेरी, वस्तीवर पहारा, संचारावर बंदी असे निर्बंध त्यांच्यावर लादले गेले. देशभरात हा कायदा १९५२ साली रद्द झाला. या काळात कुरत्तीचे नृत्य मात्र लोकप्रियच होते. १९३१ च्या ऑक्टोबरात मद्रासेत पहिला तमिळ बोलपट म्हणून गणला गेलेला 'कालिदास' प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या जोडीने दाखवलेल्या लघुपटांत कुरत्तीच्या नृत्यगीतांचाही एक लघुपट होता. तमिळ पडदा बोलू लागला त्या पहिल्याच दिवसांत कुरत्ती पडद्यावर आली, आणि त्याच दिवसांत कुरवर स्त्रीपुरुष पोलिसांच्या हजेरीपटावर होते. एखाद्या समूहाची प्रतिमा लोकप्रिय होणे आणि त्या समूहाला प्रतिष्ठा मिळणे, यांत कार्यकारणसंबंध गृहीत धरता येत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे कोण सांगणार?

३. लेखणी हाती घेणारी : मुद्दुपळनि

हिशेबाच्या वहीतून पुष्पिकेत आलेली एक व्यक्ती मात्र तंजावरात होऊन गेली. प्रतापसिंहराजे (कारकीर्द १७३९ ते १७६३) यांच्या दरबारातील गणिका मुद्दुपळनि हिने 'राधिकासांत्वनमु' हे तेलुगू शृंगारकाव्य रचले. प्रतापसिंहांच्या स्वतःच्या नावावर मराठी नाटके आहेत. त्यांच्याच आश्रयाखालील एका कलावंतिणीने स्वतःच्या नावाने ग्रंथ करावा, ही घटना लहान नाही. ग्रंथारंभी कवी आपल्या वंशाची माहिती देतात, या रूढीला अनुसरून मुद्दुपळनिनेही ती दिली; परंतु ती देताना आपल्या आजीची, घराण्यातील स्त्रियांची परंपरा तिने अभिमानाने सांगितली. पुरुषवंशावळीच्या चौकटीत स्त्रीवंशावळ बसवणे, ही तिची खरी नवलाई होय.

या काव्याच्या वाट्याला जे आले ते निर्मितीतील समावेशाच्या इतिहासाचा भागच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या मुद्रित आवृत्तीत काव्य छापले गेले, पण कवयित्रीची ओळख आणि अनेक पद्ये गाळली गेली. बंगळूर नागरत्नम्मा या विख्यात गायिकेने, ज्या स्वतः देवदासी परंपरेतील होत्या, मूळ हस्तलिखित मिळवून १९१० साली पूर्ण पाठ प्रसिद्ध केला. १९११ साली सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली. ती १९४७ साली उठली. शृंगारकाव्ये पुरुष कवींनीही लिहिली होती आणि ती निर्वेध वाचली जात होती. तेव्हा आक्षेप शृंगारापेक्षा लेखणी धरणाऱ्या हातावर अधिक होता, असा नागरत्नम्मांचा युक्तिवाद होता. त्याला आजही समर्पक उत्तर मिळालेले नाही.

याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारु येथे त्यागराजांच्या समाधीचे मंदिर स्वखर्चाने उभारले. तेथील आराधनेत स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. मंदिर जिने बांधले तिला त्याच्यासमोर गाता येऊ नये, ही स्थिती त्यांनी मान्य केली नाही. १९२७ च्या सुमारास त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली, आणि १९४० च्या आसपास परस्परविरोधी गट एकत्र आले तेव्हा स्त्रियांचा गाण्याचा अधिकार मान्य झाला. येथे समावेश मागून मिळालेला नाही. समांतर व्यवस्था उभारून तो मिळवला गेला.

४. तिरुवैयारुहून मुंबईला

नागरत्नम्मा तिरुवैयारुत झगडत होत्या त्याच काळात त्या गावची एक मुलगी नाटक कंपनीत वाढत होती. तिरुवैयारु पंचापकेश राजलक्ष्मी, म्हणजे टी. पी. राजलक्ष्मी, यांचा जन्म १९११ चा, ब्राह्मण घरातला. बालविवाह झाला, तो टिकला नाही. वडिलांचे छत्रही गेले. ब्राह्मण घरातील मुलीने रंगभूमीवर उभे राहणे ही त्या काळी निंदेची गोष्ट होती. उपजीविकेच्या गरजेने त्यांनी ती पत्करली आणि नामवंत नटी झाल्या.

'कालिदास' बोलपटाची निर्मिती मुंबईत अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने केली; दिग्दर्शन एच. एम. रेड्डी यांचे. मार्च १९३१ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा'साठी उभारलेल्या सेटवरच त्याचे चित्रीकरण झाले. नायिका राजलक्ष्मी तमिळ बोलत, नायक तेलुगू बोलत, आणि एका भूमिकेत असलेले एल. व्ही. प्रसाद हिंदी बोलत. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. परंतु त्याचा बहुभाषिकपणा सर्वमान्य आहे. 'पंचभाषाविलासा'शी त्याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे बहुभाषिकता ही राजाची योजना होती, येथे ती परिस्थितीची निष्पत्ती होती. ज्या नटाला जी भाषा येत होती ती त्याने बोलावी, एवढाच नियम. पारशी निर्माता, तेलुगू दिग्दर्शक, तमिळ नायिका आणि मुंबईतील कारागीर असा हा निर्मितीसंघ होता. आरंभीच्या बोलपटाची निर्मिती आपल्याला वाटते त्याहून अधिक संमिश्र होती. पुढे प्रत्येक भाषेचा स्वतंत्र बाजार उभा राहिला, ध्वनिमुद्रणाचे तंत्र सुधारले, आणि भाषांचा हा शेजार मागे पडला.

राजलक्ष्मी नटी म्हणून थांबल्या असत्या तरी इतिहासात त्यांची नोंद झाली असतीच. 'सिनेमा राणी' ही पदवी त्यांना मिळालीच होती. परंतु १९३६ साली स्वतःच्याच कादंबरीवर आधारित 'मिस कमला' हा चित्रपट त्यांनी लिहिला, निर्माण केला, दिग्दर्शित केला आणि त्यात भूमिकाही केली. दक्षिण भारतातील पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. संपूर्ण भारताचा विचार करता हा मान १९२६ च्या 'बुलबुल-ए-परिस्तान'च्या फातमा बेगम यांचा आहे. मुद्दुपळनि आणि राजलक्ष्मी यांच्यात जवळजवळ दोन शतकांचे अंतर आहे. भाषा, जात आणि माध्यम ही तिन्ही वेगळी आहेत. तरीही दोघींनी ओलांडलेला उंबरठा एकच आहे. दोघीही प्रयोगातून पुष्पिकेत आल्या, आणि दोघींनाही आधी रंगमंचावर मान्यता मिळवावी लागली, तेव्हा लेखणी धरता आली.

५. भूमिका कोणी करावी?

निर्मितीतील समावेशाला विरोध नेमका कोठे होतो, हेही पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळाली नाही, आणि अण्णा साळुंके या तरुणाने ती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. केरळात 'विगतकुमारन' या मूकपटात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर कुटुंबातील नायिका साकारली. प्रेक्षकांतील सवर्णांचा संताप एवढा झाला की रोझींना गाव सोडून तमिळ प्रदेशात जावे लागले. तेथे त्यांनी उरलेले आयुष्य अज्ञातवासात काढले.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे जन्मलेल्या के. सुब्रह्मण्यम यांचा 'बालयोगिनी' (१९३७) हा चित्रपट ब्राह्मण विधवेच्या प्रश्नावर आणि जातिभेदावर होता. त्यांनी विधवेच्या भूमिकेसाठी प्रत्यक्ष एका ब्राह्मण विधवेलाच घेतले. सनातन्यांनी तंजावरात सभा घेऊन त्यांना जातिबहिष्कृत ठरवले, असे तमिळ चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. विधवेचे दुःख दाखवणारी कथा समाजाने सहन केली असती. विधवेने स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहणे त्याला सहन झाले नाही. रोझींचा अनुभव आणि हा अनुभव एकमेकांशेजारी ठेवले की एक सूत्र हाती येते. विरोध विषयाला क्वचित होतो. विषयाच्या मालकीत बदल होऊ लागला की तो उफाळतो.

६. तौलनिक अभ्यासापुढील प्रश्न

अमेरिकेतील ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने २०२० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पात्रतेसाठी समावेशाचे निकष जाहीर केले आणि २०२४ च्या पुरस्कारांपासून ते लागू झाले. निकष चार आहेत : पडद्यावरील प्रतिनिधित्व, निर्मितीसंघ व त्याचे नेतृत्व, उद्योगात शिरण्याच्या संधी, आणि वितरण-प्रसिद्धीतील सहभाग. त्यांपैकी दोन पूर्ण करावे लागतात. दृश्य समावेश आणि निर्मितीतील समावेश यांत फरक आहे, हे येथे नियमाच्या भाषेत मान्य झाले. आपल्याकडे हे भान नियमांपेक्षा व्यक्तींच्या कर्तृत्वातून आले. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा मराठी चित्रपट आणि पा. रंजित यांचे तमिळ चित्रपट यांचे महत्त्व त्यांच्या विषयांइतकेच कॅमेऱ्यामागे कोण आहे यातही आहे. कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीचा प्रश्न मात्र वेगळाच उरतो. मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी २०१७ साली नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये जनतेसमोर आला, तेव्हा नामावलीत नाव असणाऱ्या स्त्रियाही किती असुरक्षित असू शकतात, हे उघड झाले.

या पार्श्वभूमीवर तंजावरकडे पाहताना दोन टोके टाळावीत. पाच भाषांना एका रंगपीठावर बसवणाऱ्या दरबाराला आजच्या अर्थाने सर्वसमावेशक म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. उलट, ती केवळ राजस्तुतीची सोय होती असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली, तर भाषांच्या समपातळीवरील शेजाराची एक दुर्मीळ कल्पना आपण गमावू. ही कल्पना खरी होती, आणि तिची मर्यादाही खरी होती. मर्यादा दूर करण्याचे काम दरबाराने केले नाही. ते मुद्दुपळनिने, नागरत्नम्मांनी आणि राजलक्ष्मींनी केले, आणि प्रत्येकीला त्याची किंमत मोजावी लागली.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना यातून एक पद्धतीही मिळू शकते. तंजावरच्या नाटकांच्या संहिता आपण संपादिल्या, त्यांची भाषा तपासली, त्यांचा काल ठरवला. आता त्या संहितांशेजारी मोडी हिशेब ठेवून वाचावे लागतील : कोणत्या प्रयोगाला कोणाला किती मिळाले, कोणाच्या नावापुढे वस्त्र आहे आणि कोणाच्या नावापुढे भूमी. चित्रपटाच्या बाबतीत हेच काम श्रेयनामावली आणि वेतनपत्रके एकत्र वाचून करता येईल. या कामाला मोडी, मराठी, तमिळ आणि तेलुगू एकत्र जाणणारे अभ्यासक लागतील. एका भाषेच्या विभागात बसून ते होणार नाही. पहिले मराठी नाटक कोणते, या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी ते एका तारखेपाशी संपते. त्या नाटकात कुरत्ती कोण झाली होती आणि तिला काय मिळाले, हा प्रश्न मात्र अजून कोणी पुरतेपणी विचारलेला नाही, आणि त्याच्या उत्तराची कागदपत्रे तंजावरातच आहेत.